आर्ट टेटम कोण होते? एका माणसाचा पियानो दोघांचा का वाटतो?

१९४१ साल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला एक क्लब. मध्यरात्र केव्हाच उलटून गेली आहे. शहरात इतरत्र आपापली कामं संपवून संगीतकार इथे जमले आहेत. कोलंबिया विद्यापीठात शिकणारा जेरी न्यूमन नावाचा एक तरुण स्वतःचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बसला आहे. पियानोवर एक अंगाने भरलेला, जवळपास अंध माणूस आहे.

त्या रेकॉर्डिंगमध्ये लोकांच्या गप्पा ऐकू येतात, हसणं ऐकू येतं, मधूनच कुणीतरी दाद देतं. आवाजात खरखर भरपूर आहे. तरीही जॅझ पियानो शिकणारे लोक आज आठ दशकांनंतर ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकतात. त्या वादकाचं नाव आर्ट टेटम.

जॅझमधला सर्वांत मोठा पियानोवादक कोण, असा वाद निघाला की टेटम यांचं नाव हमखास येतं. पण त्यांच्याविषयी आणखी एक वाद आहे. ते खरंच वाजवता वाजवता नवीन रचत होते, की घरी बसवून ठेवलेलंच दर वेळी वाजवून दाखवत होते? जॅझमध्ये हा प्रश्न साधा नाही. तिथे उत्स्फूर्तता हाच कलाकाराचा कस मानला जातो. टेटम यांचं आयुष्य आणि त्यांची रेकॉर्डिंग एकत्र पाहिली, तर याचं उत्तर बऱ्यापैकी सापडतं.

टोलेडोतलं बालपण

आर्थर टेटम (ज्युनिअर) यांचा जन्म १३ ऑक्टोबर १९०९ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो शहरात झाला. वडील मेकॅनिक होते आणि गिटार वाजवायचे. आई पियानो वाजवायची. घरात चर्चचं वातावरण होतं.

अगदी लहानपणीच टेटम यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एक डोळा गेला आणि दुसऱ्याने अंधूक दिसायचं. बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या, थोडा फरकही पडला. पुढे त्यांच्यावर झालेल्या एका हल्ल्यात डोळ्याला मार बसला आणि मिळवलेली नजर पुन्हा गेली. आयुष्यभर त्यांना एका डोळ्याने, अगदी जवळ धरलेली वस्तू कशीबशी दिसत असे. पत्ते खेळायची त्यांना फार आवड होती, आणि पान डोळ्यांजवळ नेऊन ते खेळत.

पियानो ते मुख्यतः कानांनी शिकले. चर्चमधली गाणी, रेडिओ आणि तबकड्या हे त्यांचे पहिले शिक्षक. त्या काळात आपोआप वाजणारे पियानोही असत. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी आत फिरायची आणि त्या भोकांनुसार पट्ट्या खाली जायच्या. लहानग्या आर्टने अशीच एक गुंडाळी ऐकून ते गाणं बसवलं, आणि ती मुळात दोन वादकांनी मिळून वाजवलेली होती हे त्याला ठाऊकच नव्हतं, अशी एक गोष्ट सांगतात. ती दंतकथा असण्याची शक्यता मोठी. पण ती पसरली, कारण मोठेपणी टेटम यांना ऐकणाऱ्यांना नेमका हाच अनुभव येई. एका माणसाचं वादन चालू आहे यावर पटकन विश्वास बसत नसे.

पुढे कोलंबस इथल्या अंधशाळेत आणि नंतर टोलेडोच्या संगीतशाळेत त्यांचं रीतसर शिक्षण झालं. तिथले शिक्षक ओव्हरटन रेनी यांनाही नीट दिसत नसे. ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे. जॅझ त्यांना पसंत नव्हतं. विद्यार्थ्याने ते ऐकलं नाही, पण शास्त्रीय पियानोची बोटांची शिस्त मात्र घेतली. तिच्याशिवाय पुढचा टेटम घडलाच नसता.

रेडिओपासून न्यूयॉर्कपर्यंत

१९२७ मध्ये एक हौशी स्पर्धा जिंकल्यावर टेटम टोलेडोच्या रेडिओ केंद्रावर वाजवू लागले. सुरुवातीला गृहिणींसाठीच्या खरेदीविषयक कार्यक्रमात मधल्या जागा भरायच्या, एवढंच काम होतं. लवकरच त्यांना स्वतःचा रोजचा कार्यक्रम मिळाला. टोलेडोतून जाणारे ड्यूक एलिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारखे कलाकार मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना ऐकायला येऊ लागले.

१९३२ मध्ये गायिका ॲडलेड हॉल यांनी त्यांना साथीला घेतलं आणि न्यूयॉर्कला नेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉल यांच्यासोबत टेटम यांचं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण झालं.

त्या वेळी हार्लेममध्ये पियानोवादकांची जुगलबंदी हा नेहमीचा प्रकार होता. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने त्यावर कडी करायची, आणि हरणाऱ्याने मुकाट्याने खुर्ची सोडायची. नव्या पाहुण्याची परीक्षा घ्यायला जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर आणि विली ‘द लायन’ स्मिथ हे तिथले तीन दिग्गज जमले. टेटम यांनी आधी ‘टी फॉर टू’ वाजवलं आणि मग ‘टायगर रॅग’. त्या रात्रीनंतर हार्लेममध्ये पहिला क्रमांक कुणाचा, यावर फारशी चर्चा उरली नाही. हरलेल्या वॉलर यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. पुढे एकदा ते स्वतः वाजवत असताना टेटम आत आले, तेव्हा त्यांनी प्रेक्षकांना जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता की मी नुसता पियानो वाजवतो, पण आज खुद्द देव इथे हजर आहे.

मार्च १९३३ मध्ये टेटम यांनी ब्रन्सविक कंपनीसाठी पियानोच्या पहिल्या एकल तबकड्या केल्या. त्यांतही ‘टी फॉर टू’ आणि ‘टायगर रॅग’ होते. कॅनडात राहणाऱ्या ऑस्कर पीटरसन या मुलाला काही वर्षांनी त्याच्या वडिलांनी ‘टायगर रॅग’ची तबकडी ऐकवली. वाजवणारे दोघे असावेत असं त्याला वाटलं. एकच माणूस आहे हे कळल्यावर त्याने काही काळ पियानोला हातच लावला नाही. हा मुलगा पुढे स्वतः जगप्रसिद्ध पियानोवादक झाला.

ते नेमकं काय वाजवत?

टेटम यांच्या वादनातल्या तीन गोष्टी लक्षात घेतल्या, तर त्यांचं रेकॉर्डिंग ऐकणं खूप सोपं जातं.

पहिली गोष्ट डाव्या हाताची. हार्लेमच्या पियानोशैलीला स्ट्राइड म्हणत. स्ट्राइड म्हणजे लांब ढांग. डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खालचा खर्जाचा सूर वाजवतो, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला झेप घेऊन मधल्या पट्टीत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक सूर. अशा तऱ्हेने एकच हात ताल आणि साथ दोन्ही सांभाळतो. टेटम हे अत्यंत जलद लयीत, न अडखळता करत. म्हणूनच त्यांना वेगळ्या तालवाद्याची गरज भासत नसे.

दुसरी गोष्ट उजव्या हाताच्या ताना. वरून खाली कोसळणाऱ्या सुरांच्या लडी ही त्यांची ओळख. त्यात प्रत्येक सूर सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेले लोक सांगत की बोटं जवळपास सपाट असत आणि हात फारसे हलतच नसत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती पहिल्यांदा ऐकताना निसटते. समजा, गाण्याच्या चालीत एक सूर आहे आणि त्याच्याखाली ठरलेली कॉर्ड आहे. टेटम चालीचा सूर तसाच ठेवत आणि खालची कॉर्ड बदलत. सूर तोच, पण त्याचा रंग पालटतो. कधी ते एकामागून एक परक्या कॉर्ड घेत मूळ स्वरापासून इतके दूर जात, की आता परत येणं अशक्य वाटावं. आणि ऐन समेच्या क्षणी ते घरी पोचलेले असत. पुढे बीबॉप या शैलीच्या संगीतकारांनी हार्मनीचा जो विचार केला, त्याच्या बऱ्याच वाटा टेटम यांनी आधीच चालून पाहिल्या होत्या. १९३९ च्या सुमारास टेटम हार्लेममधल्या एका खानावळवजा क्लबात वाजवत, तेव्हा तिथे भांडी घासणाऱ्यांत चार्ली पार्कर नावाचा एक कोवळा सॅक्सोफोनवादक होता. पार्कर पुढे बीबॉपचा मुख्य शिल्पकार ठरला.

मग उत्स्फूर्त काय होतं?

आता त्या वादाकडे येऊ. टेटम लोकप्रिय गाणीच वाजवत. ‘टी फॉर टू’ हे ब्रॉडवेच्या संगीतनाटकातलं गाणं. ‘ह्युमोरेस्क’ ही तर ड्वोरझाक यांची शास्त्रीय रचना. त्यांची वेगवेगळ्या वर्षांतली रेकॉर्डिंग शेजारी ठेवली, तर काही गाण्यांची सुरुवात, काही वळणं आणि शेवट जवळपास सारखे निघतात.

टीकाकारांनी यावर बोट ठेवलं. १९५५ मध्ये फ्रेंच समीक्षक आंद्रे ओदेर यांनी आक्षेप घेतला की टेटम गाण्याच्या मूळ चालीला चिकटून राहतात आणि तिच्यावर नक्षीकाम करतात. नवी चाल घडवत नाहीत. त्यांना वादक बिली टेलर यांनी उत्तर दिलं. टेलर टेटम यांना जवळून ओळखत होते.

आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्यांना हा वाद समजायला जड जाऊ नये. बंदिश ठरलेली असते, गायकाच्या काही जागाही ठरलेल्या असतात, म्हणून गाणं पाठ केलेलं ठरत नाही. बंदिश हातात धरून गायक त्या दिवशी कुठे जातो, हे ऐकायचं असतं. कीथ जॅरेट यांनी १९७५ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात केलेली प्रसिद्ध एकल मैफल कोणत्याही ठरलेल्या गाण्याशिवाय सुरू होते. टेटम यांची रीत निराळी होती. ते सगळ्यांना माहीत असलेलं गाणं घेत आणि त्या ओळखीच्या घराच्या भिंती हलवत.

तरीही एक शंका उरते. सार्वजनिक कार्यक्रमात प्रेक्षकांना ‘टायगर रॅग’चा तोच चमत्कार हवा असे, आणि टेटम तो देत. तबकडीची बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात भटकायला वाव नव्हता. त्यांचे सहकारी सांगत की खरा टेटम ऐकायचा तर पहाटे, काम संपल्यानंतरच्या क्लबात. पण तिथे कोण रेकॉर्डिंग करणार?

न्यूमनच्या तबकड्या

इथेच जेरी न्यूमनचं यंत्र उपयोगी पडलं. त्या काळात टेप अजून वापरात आली नव्हती. यंत्रावर लाखेसारखा लेप दिलेली चकती फिरायची आणि सुई त्यावर थेट खोबण कोरायची. दुरुस्ती नाही, कापणं-जोडणं नाही. शिवाय प्रत्येक वेळी वाजवताना ती चकती थोडी झिजायची.

१९४० आणि १९४१ मध्ये न्यूमनने टेटम यांना असं अनेकदा मुद्रित केलं. या तबकड्यांमध्ये वेगळाच माणूस भेटतो. एका ठिकाणी टेटम चक्क ब्लूज गातात. गळा काही फार मोठा नाही, पण गाण्यात मजा आहे. ‘स्वीट जॉर्जिया ब्राऊन’मध्ये ट्रंपेटवर फ्रँकी न्यूटन आहेत. ही नोंद साध्या तबकडीच्या दुपटीहून लांब आहे. न्यूटन शांतपणे, मोजके सूर वाजवत राहतात आणि टेटम त्यांच्या खालून जमीनच सरकवत नेतात. कॉर्ड एकामागून एक अशा बदलतात की आधी बसवून ठेवणं शक्यच नव्हतं. समोर दुसरा वादक होता आणि तो पुढे काय करणार, हे टेटम यांना माहीत नव्हतं.

या तबकड्या तीस वर्षं लोकांपर्यंत पोचल्याच नाहीत. त्यांतल्या निवडक नोंदी १९७३ मध्ये ‘गॉड इज इन द हाउस’ या नावाने निघाल्या. नाव अर्थातच वॉलर यांच्या त्या उद्गारावरून. त्यानंतर या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा टेटम यांना जाऊन सतरा वर्षं झाली होती.

गोंगाट आणि शांतता

टेटम यांची मिळकत क्लबांतून होती, आणि क्लब म्हणजे गोंगाट. १९३८ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथले श्रोते शांत बसून ऐकत, याचं त्यांना अप्रूप वाटलं. पियानोवर एवढी हुकूमत असलेल्या गोऱ्या वादकाला त्या काळी शास्त्रीय मैफलींचं दार उघडं असे. कृष्णवर्णीय वादकाला ते जवळपास बंदच होतं. व्लादिमीर हॉरोविट्झ यांच्यासारखा शास्त्रीय पियानोचा बादशहा टेटम यांचा चाहता होता, पण टेटम यांचं कामाचं ठिकाण मात्र बारच राहिलं.

१९४३ मध्ये त्यांनी गिटारवर टायनी ग्राइम्स आणि बासवर स्लॅम स्टुअर्ट यांना घेऊन त्रिकूट उभं केलं. ते चांगलं चाललं. जानेवारी १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये पहिल्यांदाच जॅझची मैफल झाली, तिथे पियानोवर टेटम होते. पण लवकरच बीबॉपची लाट आली आणि तरुण श्रोत्यांना टेटम जुने वाटू लागले. चाळिशीच्या आधीच त्यांच्यावर मागच्या पिढीचा शिक्का बसला.

२ एप्रिल १९४९ रोजी लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये त्यांनी एकट्याने वाजवलं. या मैफलीचं रेकॉर्डिंग आजही टेटम यांची ओळख करून घ्यायचा सर्वांत सरळ मार्ग आहे. मोठं सभागृह, लक्ष देणारे लोक आणि प्रत्येक गाण्यानंतर उसळणारी टाळी.

शेवटची तीन वर्षं

१९५३ च्या डिसेंबरअखेर निर्माते नॉर्मन ग्रँझ यांनी एक धाडस केलं. टेप आता आली होती, वेळेचं बंधन उरलं नव्हतं. त्यांनी टेटम यांना स्टुडिओत बसवलं आणि हवं ते, हवं तेवढं वाजवायला सांगितलं. दोन दिवसांत जवळपास सत्तर गाणी झाली. त्यांतली बहुतेक एकाच टेकमध्ये. १९५५ पर्यंतच्या चार सत्रांत एकूण १२४ एकल गाणी मुद्रित झाली. शिवाय बेन वेब्स्टर, रॉय एल्ड्रिज, बेनी कार्टर अशा मातब्बरांबरोबरच्या गटांचीही रेकॉर्डिंग झाली.

ही घाई योग्यच ठरली. टेटम वर्षानुवर्षं भरपूर बिअर पीत. १९५४ मध्ये तब्येत ढासळल्यावर त्यांनी दारू सोडली, वजन कमी करायचा प्रयत्न केला, पण मूत्रपिंडांचं नुकसान होऊन गेलं होतं. जुलै १९५५ मध्ये हॉलिवुडचे संगीतदिग्दर्शक रे हाइनडॉर्फ यांच्या घरच्या पार्टीत त्यांनी वाजवलं. त्याचंही रेकॉर्डिंग आहे. आजारी माणसाच्या हातांत इतकी मोकळीक कशी, असा प्रश्न ते ऐकताना पडतो.

१५ ऑगस्ट १९५६ रोजी हॉलिवुड बोलच्या खुल्या रंगमंचावर ते १९,००० श्रोत्यांसमोर वाजवायला बसले. एवढा मोठा समुदाय त्यांना आधी कधीच लाभला नव्हता. ५ नोव्हेंबर १९५६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मूत्रपिंड निकामी होऊन त्यांचं निधन झालं. वय होतं ४७.

त्यांच्यानंतर

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जेफ बिल्म्स या संशोधकाने संगणकाला लय कशी समजवायची यावर प्रबंध लिहिला. संगीतात ऐकणाऱ्याला जाणवणाऱ्या काळाच्या सर्वांत बारीक तुकड्याला त्याने नाव दिलं: टेटम. आज संगीताच्या संगणकीय विश्लेषणात हा शब्द रूढ आहे.

२००७ मध्ये झेंफ या कंपनीने आणखी वेगळा प्रयोग केला. श्राइनच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला प्रत्येक सूर, त्याचा जोर आणि पेडलचा वापर मोजला, आणि ती माहिती संगणकाने चालणाऱ्या पियानोला देऊन त्याच सभागृहात, प्रेक्षकांसमोर तो वाजवला. खरखर गेली, पियानो लख्ख ऐकू आला. मात्र १९४९ ची ती खोली, ती खाकरणी आणि त्या रात्रीचा पियानो त्यात नाही. कुणाला हे पुनरुज्जीवन वाटतं, कुणाला उत्तम प्रतिकृती.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

१. आधी १९३३ चं ‘टायगर रॅग’ ऐका. यात फक्त वेगाचा आनंद घ्या.

२. मग १९४९ च्या श्राइन मैफलीतलं ‘विलो वीप फॉर मी’. हे संथ आहे. मूळ गाणं कुणाही गायिकेच्या आवाजात आधी ऐकून घ्या, म्हणजे टेटम चालीखालचे रंग कसे बदलतात ते कळेल.

३. ग्रँझ यांच्यासाठी केलेल्या एकल रेकॉर्डिंगमधलं तुम्हाला माहीत असलेलं कोणतंही एक गाणं. पहिल्यांदा चाल ऐका, दुसऱ्यांदा फक्त डावा हात.

४. शेवटी न्यूमनचं ‘स्वीट जॉर्जिया ब्राऊन’. शक्यतो हेडफोन लावून, रात्री.

या क्रमाने ऐकल्यावर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना स्वतःच मिळतं. काही गाणी टेटम यांनी बसवून ठेवली होती, यात शंका नाही. सर्कशीतल्या कसरतीसारखी ती दर वेळी अचूक उतरत. पण पहाटेच्या क्लबात, ओळखीच्या माणसांत, समोर दुसरा वादक असताना ते जे करत ते आधी ठरवता येण्यासारखं नव्हतं. अशा किती पहाटा झाल्या असतील याची मोजदाद नाही. आपल्यापर्यंत आल्या त्या फक्त एका विद्यार्थ्याच्या चकत्यांवर कोरल्या गेलेल्या मोजक्या.